परभणीला जिल्हा देणारा दिवाण : सर सालारजंग यांची खिदमत

दरवर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रात महसूल दिन साजरा होतो. चांगलं काम करणारे तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, कोतवाल यांचा जिल्हाधिकारी कार्यालयात सत्कार होतो. २१ एप्रिलला नागरी सेवा दिन असतो आणि दिल्लीत उत्तम प्रशासनाचे राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. आपल्या घरातली मुलं-मुली आता एमपीएससी, यूपीएससीच्या तयारीला लागली आहेत, त्यामुळे या बातम्या आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात. पण ज्याच्या काळात परभणी नावाचा जिल्हा पहिल्यांदा कागदावर आला, ज्याच्या काळात इथे पगारी जिल्हा अधिकारी, तहसील आणि खजिना आला, त्या माणसाचं नाव या सत्काराच्या दिवशी सहसा निघत नाही. तो माणूस म्हणजे हैदराबाद संस्थानचे दिवाण, पहिले सर सालारजंग.

त्यांचं खरं नाव मीर तुराब अली खान. परभणीत ‘तुराब’ म्हटलं की आधी हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आणि फेब्रुवारीतला उरूसच आठवतो. हे तुराब वेगळे. सालारजंग हा त्यांना दरबाराकडून मिळालेला किताब. आणखी एक गल्लत इथेच दूर करून टाकू. हैदराबादला गेलं की आपण सालारजंग म्युझियम पाहतो. तो संग्रह प्रामुख्याने त्यांचे नातू तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान यांचा. त्यातली जाळीदार बुरख्यातल्या रिबेकाची संगमरवरी मूर्ती मात्र आजोबांनी १८७६ मध्ये रोममध्ये विकत घेतली होती. नातवाचं म्युझियम सगळ्यांना ठाऊक आहे, आजोबांचं काम मात्र फार थोड्यांना.

दिवाणाच्या घरात जन्म

मीर तुराब अली खान १८२९ मध्ये जन्मले. घराणं दिवाणांचंच. पणजोबा मीर आलम हे दिवाण होते, हैदराबादचा मीर आलम तलाव त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आजोबा मुनीर-उल-मुल्क हेही दिवाण होते, पण नावापुरते. सगळा कारभार राजा चंदूलाल यांच्या हातात होता. निजाम सुन्नी आणि हे घराणं शिया, पण दिवाणगिरीच्या आड ही गोष्ट आली नाही. वडील लहानपणीच वारले. आजीने आणि चुलते सिराज-उल-मुल्क यांनी त्यांना वाढवलं. फारसी, अरबीचं शिक्षण घरीच झालं. त्या काळच्या उमरावांच्या मुलांना नको वाटणारी इंग्रजीही ते शिकले. विशीच्या आत तेलंगणातल्या एका भागाची तालुकदारी काही महिने सांभाळली. जिल्ह्याच्या कामाचा स्वतःचा अनुभव म्हणाल तर तेवढाच.

१८५३ साल उजाडलं तेव्हा संस्थान पार डबघाईला आलेलं होतं. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज ठेवली होती. तिची एक मोठी छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला होती. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, हे नव्या पिढीसाठी सांगायला हवं. या फौजेचा पगार थकला, थकबाकीवर व्याज चढलं आणि कर्जापोटी इंग्रजांनी मुलुखच मागितला. २१ मे १८५३ च्या करारानुसार वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. परभणी-हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगेपलीकडचा सगळा कापसाचा मुलुख एका सहीत निघून गेला. तो करार करणारे दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर आठवड्याभरातच वारले. ३१ मे रोजी निजाम नासिर-उद-दौला यांनी त्यांच्या पुतण्याला दिवाणीची वस्त्रं दिली. वय वर्षे चोवीस.

हाती आलेला खजिना रिकामा होता. दरबारचे दागिने सावकारांकडे गहाण होते, फौजेचा आणि नोकरांचा पगार महिनोन्‌महिने थकलेला होता.

मक्त्याचा काळ

सालारजंग यांनी काय केलं हे कळायला त्याआधी परभणीच्या शेतकऱ्यावर काय गुजरत होतं ते पाहावं लागतं. त्या काळी ‘तालुकदार’ म्हणजे सरकारी नोकर नव्हे, तो मक्तेदार. एखाद्या मुलुखाचा महसूल वसूल करण्याचा मक्ता तो दरबाराकडून घ्यायचा, आगाऊ रक्कम भरायचा, आणि मग ती रक्कम, वर स्वतःचा नफा, वर सावकाराचं व्याज, असं सगळं रयतेकडून काढायचा. हंगामाच्या मध्येच दुसऱ्या कुणी जास्त बोली लावली तर पहिल्याचा मक्ता जायचा. त्यामुळे आज हातात आहे तोवर ओरबाडून घ्यायचं, हाच तालुकदाराचा हिशेब. पुढच्या वर्षी गाव वसलेलं राहील की उजाड होईल याची त्याला पर्वा करण्याचं कारणच नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी वसुली बटाईने व्हायची. म्हणजे पिकाचा वाटा. ऐकायला हे बरं वाटतं, पिकेल तेवढ्यातला हिस्सा द्यायचा. पण सरकारचा वाटा मोजून नेल्याशिवाय खळ्यातल्या ज्वारीच्या राशीला हात लावता येत नसे. कारकून येईपर्यंत रास उघड्यावर. त्यात अवकाळी पाऊस आला तर नुकसान शेतकऱ्याचं. कारकून आला की त्याचा पाहुणचार, त्याच्या शिपायाचा पाहुणचार, मापाड्याचा हात. गोदावरी, दुधना, पूर्णेच्या काठची काळी जमीन कितीही पिकली तरी घरात किती येणार ते कारकुनाच्या मर्जीवर.

त्यात फौजेची भर. दरबाराच्या नोकरीत हद्रामौतकडून आलेले अरब आणि उत्तरेकडून आलेले रोहिले होते. मराठवाड्यातले आपले चाऊस बांधव याच अरब शिपायांच्या पुढच्या पिढ्या. शिपायांचा पगार थकला की जमादार स्वतःच सावकार व्हायचे. दरबारला कर्ज द्यायचे आणि त्यापोटी अख्खे तालुके गहाण घ्यायचे. वसुलीला बंदूकधारी शिपाई दारात बसायचा आणि उठायचाच नाही. यात शिपायाचाही दोष किती, त्यालाही पगार मिळालेला नसायचा. सगळी व्यवस्थाच एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली होती.

आधी हिशेब, मग हुकूम

तरुण दिवाणाने पहिल्या काही वर्षांत गाजावाजा होईल असं काहीच केलं नाही. हैदराबादच्या सावकारांचा विश्वास मिळवून कमी व्याजावर पैसा उभा केला, त्यातून अरब जमादारांची देणी टप्प्याटप्प्याने भागवली आणि गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडवून घेतले. अरबांच्या कर्जाच्या भांडणांसाठी वेगळी अदालत बसवली, म्हणजे दारात शिपाई बसवण्याऐवजी दावा लावायचा रस्ता तयार झाला. ज्या मक्तेदार तालुकदारांच्या तक्रारी होत्या त्यांना काढून पगारी माणसं नेमायला सुरुवात केली. पगार ठरलेला, तो वेळेवर, आणि हिशेब हैदराबादला.

इथे एक अडचण होती. सगळ्या मुलुखाच्या वसुलीचे दफ्तर दोन मोठ्या घराण्यांकडे पिढीजात होते, एक कायस्थ आणि एक मराठी ब्राह्मण. कागद त्यांच्या वाड्यात. कुठल्या गावचं किती येणं आहे हे दिवाणालासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कळत नसे. सालारजंग यांनी या घराण्यांची इनामं, मानमरातब काढून घेतले नाहीत. त्यांनी फक्त नवी कचेरी उभी केली आणि नवे कागद नव्या कचेरीत यायला लागले. जुन्याला धक्का न लावता त्याच्या शेजारी नवं उभं करायचं, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत राहिली. धीमी पद्धत होती, पण टिकली.

नाण्यांचंही तसंच. संस्थानात ठिकठिकाणी टाकसाळी होत्या आणि प्रत्येक गावचा रुपया वेगळ्या वजनाचा. एका बाजारातला रुपया दुसऱ्या बाजारात बट्ट्याने चालायचा आणि ती बट्ट्याची रक्कम सराफाच्या खिशात. १८५८ च्या सुमारास एकच ‘हाली सिक्का’ आला. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द असायचे. हाली म्हणजे निजामी रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी. सहा कलदारला साधारण सात हाली. १९४८ नंतरही काही वर्षं मराठवाड्याच्या बाजारात हाली रुपया चालत होता.

१८५७ चा प्रश्न

सालारजंग यांच्यावर लिहायचं आणि १८५७ टाळायचं, हे प्रामाणिकपणाचं होणार नाही.

मे १८५७ मध्ये उत्तरेत उठाव सुरू झाला आणि त्याच महिन्यात निजाम नासिर-उद-दौला वारले. अफजल-उद-दौला गादीवर आले. शहरात प्रचंड खळबळ होती, मशिदींतून जिहादच्या गोष्टी होत होत्या. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंग यांनी रेसिडेंट डेव्हिडसन यांना आधीच सावध केलं होतं. हल्ला मोडून काढला गेला. तुर्रेबाज खान पकडले गेले, कैदेतून निसटले आणि १८५९ मध्ये मारले गेले. त्यांचं प्रेत शहरात लटकवलं गेलं. मौलवी अलाउद्दीन यांना काळ्या पाण्यावर अंदमानात पाठवलं.

आज तुर्रेबाज खान यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान दिला जातो आणि तो योग्यच आहे. मग सालारजंग कोण ठरतात? त्या काळी शहरातल्या अनेकांचं उत्तर स्पष्ट होतं. मार्च १८५९ मध्ये दरबाराच्या आवारातच त्यांच्यावर आणि रेसिडेंटवर हल्ला झाला. १८६८ मध्ये ईदच्या दरबाराला जात असताना पुन्हा गोळी झाडली गेली. दोन्ही वेळा ते वाचले.

माझं मत सांगतो. संस्थानाच्या चारही बाजूंना इंग्रजी मुलुख होता, आत कंटिंजंट होती, खजिन्यात पैसा नव्हता. दिवाणाने हरणारी लढाई टाळली असं म्हणता येतं. दिल्ली आणि लखनौचं पुढे काय झालं ते पाहिलं तर हा हिशेब चुकीचा नव्हता. पण हिशेब बरोबर असणं वेगळं आणि आपल्याच शहरातल्या माणसांच्या विरोधात परक्यांना सावध करणं वेगळं. हे ओझं त्यांच्या नावावर आहे आणि राहील. त्यांची खिदमत मोजताना ते वजा करून टाकायची गरज नाही, आणि त्या एका वर्षाने बाकीची तीस वर्षं पुसून टाकायचीही गरज नाही.

इंग्रजांनी बक्षीस दिलं. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दोआब परत आले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. निजामाला एक लाखाच्या आणि दिवाणाला तीस हजारांच्या भेटवस्तू मिळाल्या. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

जिल्हाबंदी

आता मूळ विषयाकडे. १८६४ मध्ये महसुलाचं बोर्ड बसलं आणि १८६५ पासून ‘जिल्हाबंदी’ सुरू झाली. म्हणजे दिवाणाच्या ताब्यातला खालसा मुलुख नेमक्या हद्दी आखून जिल्ह्यांत वाटला गेला. मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, नळदुर्ग असे जिल्हे झाले. याच नळदुर्गचा पुढे उस्मानाबाद जिल्हा झाला. परभणीसाठी ही मोठीच गोष्ट होती. त्या काळात मान पाथरीचा होता. बहमनी आणि निजामशाहीच्या काळापासून पाथरी हे सरकारचं ठाणं, निजामशाही घराण्याचं मूळही पाथरीच्या कुळकर्ण्यांकडे जातं. आता जिल्ह्याचं ठिकाण परभणी झालं आणि पाथरी तालुका.

जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’. त्याच्या हाताखाली ‘दोयम’ आणि ‘सोयम’ तालुकदार, आणि प्रत्येक तालुक्याला तहसीलदार. शब्द तोच ठेवला, तालुकदार, पण अर्थ पूर्ण उलटा केला. कालपर्यंत तालुकदार म्हणजे मक्ता घेणारा, आजपासून तालुकदार म्हणजे पगार घेणारा. काही जिल्ह्यांवर मिळून एक सदर तालुकदार, ज्याला पुढे सुभेदार म्हणू लागले. आजची विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार ही उतरंड पाहा आणि जुनी नावं तिच्यापुढे लिहा. फारसा फरक दिसणार नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ‘अव्वल तालुकदार’ची पाटी उतरली आणि ‘कलेक्टर’ची लागली, तेव्हा खुर्ची तीच होती.

तालुक्याला खजिना आला, जिल्ह्याला पोलीस आले, अदालती आल्या. १८६८ मध्ये दिवाणाच्या हाताखाली चार सदर-उल-महाम नेमले गेले. न्याय, महसूल, पोलीस, आणि चौथ्याकडे बांधकाम, शिक्षण असं बाकीचं सगळं. मंत्रिमंडळाचीच ही सुरुवात. १८६९ मध्ये संस्थानचं स्वतःचं टपाल तिकीट निघालं.

पण रयतेच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट होती बटाई गेली ती. धान्याच्या वाट्याऐवजी जमिनीवर रोख आकार ठरला. खळ्यावरचा पहारा उठला. शेतकऱ्याला किती द्यायचं ते आधी माहीत झालं आणि वर जे पिकेल ते त्याचं. मराठवाड्यात शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, म्हणजे सरकारच्या दफ्तरात थेट शेतकऱ्याचं नाव. १८७५ च्या सुमारास मोजणीचं खातं उभं राहिलं आणि साखळी घेऊन जमिनी मोजण्याचं काम मराठवाड्यातच आधी सुरू झालं. देशमुख-देशपांड्यांना वसुलीच्या कामातून बाजूला करून त्याबद्दल ‘रुसूम’ म्हणजे ठरावीक रोख रक्कम बांधून दिली. पुन्हा तीच पद्धत, कुणाचा मान काढला नाही, फक्त त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

रोख आकाराला दुसरी बाजूही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. धान्याचा वाटा पीक बुडालं तर आपोआप कमी व्हायचा, रोख आकार तसा होत नाही. हप्त्याची तारीख आली की रोकड हवी, आणि रोकड सावकाराकडे. पुढच्या पिढ्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी जमिनी सावकाराच्या घरात गेल्या त्याची एक वाट इथूनही जाते. मक्तेदाराच्या तावडीतून रयत सुटली, पण कर्जाच्या तावडीतून सोडवण्याची तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती.

दिवाणाच्या हाताबाहेरचं

सालारजंग सगळं करू शकत होते असंही नाही. संस्थानातला बराच मुलुख जहागीरदारांचा, पायगा उमरावांचा आणि खुद्द निजामाच्या सर्फे-खासचा होता. तिथे दिवाणाचा हुकूम चालत नसे. एका गावात नवी व्यवस्था आणि ओढ्यापलीकडच्या जहागिरीच्या गावात जुनाच जुलूम, असं चित्र दीर्घकाळ राहिलं. जहागिरी संपायला १९४९ उजाडावं लागलं.

शिवाय दिवाण स्वतः दरबाराचे कैदी असल्यासारखे होते. अफजल-उद-दौला यांच्या काळात हैदराबाद शहराबाहेर पाऊल टाकायलाही त्यांना परवानगी लागायची. निजामाने त्यांना काढून टाकायचा बेत एकापेक्षा जास्त वेळा केला आणि रेसिडेंट मध्ये पडल्यामुळे ते राहिले. जिल्हे आखणाऱ्याला जिल्हे मोकळेपणाने फिरून पाहण्याची मुभा नव्हती. त्यामुळे सगळी भिस्त कागदावर आणि माणसांच्या निवडीवर. रोज पहाटे उठून, नमाज आणि अर्जदारांच्या भेटी आटोपून ते कागद घेऊन बसत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

माणसं त्यांनी दूरदूरहून आणली. १८७० च्या दशकात सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढच्या वर्तुळातले लोक हैदराबादला आले. मेहदी अली, म्हणजे पुढचे मोहसिन-उल-मुल्क, मुश्ताक हुसेन म्हणजे विकार-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली, आणि उर्दूतले पहिले मोठे कादंबरीकार डिप्टी नजीर अहमद. महसूल आणि मोजणीच्या कामात यातल्या अनेकांचा हात आहे. पुढे अलीगढ कॉलेजची धुरा यातल्याच दोघांनी वाहिली.

याचा एक परिणाम मात्र आपल्या भागाने भोगला. बाहेरून आलेले ‘गैरमुल्की’ वर आणि इथले ‘मुल्की’ खाली, ही तक्रार तेव्हापासून सुरू झाली आणि संस्थान संपेपर्यंत चालली. भाषेचंही तेच. सालारजंग यांचा जीव फारसीवर. त्यांच्या हयातीत कचेरीची भाषा फारसीच राहिली, ती उर्दू झाली १८८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पण परभणीच्या मराठी शेतकऱ्याला, मग तो हिंदू असो की मुसलमान, फारसीही परकीच होती. गावच्या कुळकर्ण्याचं दफ्तर मोडीत, तहसीलचा हुकूम फारसीत, आणि मधला अर्थ सांगणारा दलाल. ज्या दिवाणाने मक्तेदार काढला त्याने हा दलाल काढला नाही. माझ्या मते त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव हीच. सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला मराठीत अर्ज देता येत होता तेव्हा परभणीकराला अर्जनवीस शोधावा लागत होता.

शिक्षणात त्यांनी हैदराबादला दार-उल-उलूम काढलं, उमरावांच्या मुलांसाठी मदरसा-ए-आलिया काढला. शहराला फायदा झाला. जिल्ह्यांपर्यंत शाळा फार थोड्या आल्या.

मान कशासाठी, मागणं काय

१८६९ मध्ये अफजल-उद-दौला वारले. नवे निजाम महबूब अली खान जेमतेम अडीच वर्षांचे. शम्स-उल-उमरा यांच्यासोबत सालारजंग राज्याचे सहपालक झाले. पहिल्यांदाच हात मोकळे मिळाले. इंग्लंडहून पैसा उभारून वाडी ते सिकंदराबाद रेल्वे बांधली, ती १८७४ मध्ये सुरू झाली.

इंग्रजांनी त्यांना स्टार ऑफ इंडियाचा सर्वोच्च किताब दिला. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या निमंत्रणावरून ते इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. तशाच अवस्थेत खुर्चीवरून नेऊन त्यांचे सत्कार झाले. जूनमध्ये ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली, लंडन शहराने मानाचं नागरिकत्व दिलं, राणीने भेट दिली. एका हिंदी संस्थानाच्या मुसलमान दिवाणाचा एवढा सन्मान तोवर क्वचितच झाला असेल.

पण हा सन्मान कशाचा होता? इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि मोठ्या लोकांनी त्यांचं कौतुक केलं ते १८५७ मध्ये इंग्रजी राज्य वाचवल्याबद्दल. खळ्यावरचा पहारा उठवल्याबद्दल नाही, तालुकदाराला पगारी केल्याबद्दल नाही. आणि सालारजंग इंग्लंडला गेले होते ते शाल पांघरून घ्यायला नाही. त्यांना वऱ्हाड परत हवं होतं. चुलत्यांच्या सहीने गेलेला तो मुलुख परत आणायचा ध्यास त्यांनी कधी सोडला नाही. फौजेच्या खर्चाचा पैसा रोख ठेव म्हणून द्यायची तयारी दाखवली, अर्जांमागून अर्ज केले. सत्कार भरपूर मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. उलट मागणी लावून धरली म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिटन त्यांच्यावर रुष्ट झाले आणि १८७७ मध्ये त्यांच्या जुन्या विरोधकाला, रशीद-उद-दीन खान यांना, सहपालक म्हणून त्यांच्या शेजारी आणून बसवलं. ज्या माणसाला काल वाचवणारा म्हटलं, तो हक्काचं मागायला लागला की अडचणीचा ठरला.

तरीही ते कामावर राहिले. फेब्रुवारी १८८३ मध्ये जर्मनीहून आलेल्या एका ड्यूकच्या पाहुणचारासाठी मीर आलम तलावावर सहल झाली. पणजोबांच्या नावाचा तोच तलाव. परत आल्यावर त्यांना पटकी झाली आणि ८ फेब्रुवारीला, चोपन्नाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. हैदराबादच्या दायरा मीर मोमिन कब्रस्तानात त्यांची मजार आहे. दिवाणी तीस वर्षांची, तीन निजामांच्या काळातली.

पुढल्या वर्षी त्यांचे चिरंजीव मीर लाईक अली खान दिवाण झाले. वडिलांनी आखलेले जिल्हे थोड्याफार फेरफाराने तसेच राहिले. १८९९ ते १९०१ या काळात मनमाड ते सिकंदराबाद गोदावरी खोऱ्याची रेल्वे टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि सेलू, परभणी, पूर्णा ही स्टेशनं कापसाच्या गाठींनी भरायला लागली. जिल्ह्याचं ठिकाण होतं तिथे जिनिंग, बाजार, वकील, शाळा येत गेल्या. आजही आपल्या कुटुंबांत इनाम किंवा वक्फ जमिनीचा वाद निघाला की पेटीतून जुना मुंतखब काढला जातो. फारसी-उर्दू अक्षरातला तो कागद वाचणारा आता तालुक्यात शोधावा लागतो, पण कचेरीत तो पुढे केला की त्याची दखल घ्यावी लागते. तोंडी हुकमाऐवजी कागद, हा आग्रह सालारजंग यांच्याच कारभारापासूनचा.

वऱ्हाडचं शेवटी १९०२ मध्ये ठरलं. लॉर्ड कर्झन यांनी तरुण निजाम महबूब अली खान यांच्याकडून ते वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने लिहून घेतलं. ज्या कंटिंजंटच्या पगारापायी वऱ्हाड गेलं होतं ती फौज पुढच्याच वर्षी इंग्रजी सैन्यात विलीन झाली, आणि हिंगोलीची छावणी रिकामी झाली.